जॉन थॉम्पसन यांचे विषम ग्रुप : तुमचे प्रश्न

एमएस्सीला फाइट-थॉम्पसन प्रमेयाचं नुसतं विधान सांगितलं, सिद्धता गाळली. असं का?

सरांना बोल लावू नका. वॉल्टर फाइट आणि जॉन थॉम्पसन या गणितज्ञांची ही सिद्धता २५५ पानांची आहे. १९६३ साली ‘पॅसिफिक जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’चा अख्खा अंक तिच्यात गेला. विधान मात्र एका ओळीचं : सदस्यसंख्या विषम असलेला प्रत्येक सांत ग्रुप सॉल्व्हेबल असतो. ग्रुप म्हणजे दोन सदस्य जोडून तिसरा देणारी, ठरावीक नियम पाळणारी क्रिया असलेला संच; सांत म्हणजे मोजक्या सदस्यांचा; सॉल्व्हेबल म्हणजे टप्प्याटप्प्याने मूळ संख्येएवढ्या ग्रुपांत फोडता येणारा.

२१ सदस्यांचा कोणताही ग्रुप घ्या. त्यात ७ सदस्यांचा नॉर्मल उपग्रुप (ज्याने ग्रुपला भागता येतं असा) सापडतोच. त्याने भागलं की ३ सदस्यांचा ग्रुप उरतो. ७ काय नि ३ काय, दोन्ही मूळ संख्या. पुढे फोडायला काही नाही. याउलट ६० सदस्यांचा ए-फाइव्ह (पाच वस्तूंच्या क्रमबदलांचा एक ग्रुप) काही केल्या फुटत नाही. ग्यानबाची मेख ६० सम असण्यात आहे. मूळ संख्येचे ग्रुप सोडले, तर विषम संख्या कितीही अवाढव्य घ्या, असा अभेद्य ग्रुप मिळत नाही. इंग्लिश गणितज्ञ विल्यम बर्नसाइड यांनी १९११ मध्येच हा अंदाज मांडला होता. तिथे पन्नास वर्षं घोडं अडलं.

थॉम्पसन यांच्या कारकिर्दीविषयी थोडं सांगाल का?

जन्म १९३२, कॅन्ससमधल्या ऑटावाचा (कॅनडाच्या राजधानीचा नव्हे). येलची पदवी, मग शिकागोत सॉन्डर्स मॅक लेन यांच्याकडे १९५९ मध्ये पीएचडी. फ्रोबेनियस कर्नल (काही खास ग्रुपांतला एक नॉर्मल उपग्रुप) निलपोटंट (सॉल्व्हेबलपेक्षाही कडक अट पाळणारा) असतो, हे कित्येक दशकं रखडलेलं अनुमान त्यांनी प्रबंधातच सिद्ध केलं. मला विचाराल तर अभ्यासाची सुरुवात इथूनच करा. मूळ संख्येच्या घाताएवढे उपग्रुप आणि त्यांचा आसपास बारकाईने तपासायचा, नि त्यावरून अख्ख्या ग्रुपचा स्वभाव ओळखायचा, ही त्यांची रीत या प्रबंधात दिसते. पुढे सांत सिम्पल (म्हणजे अभेद्य) ग्रुपांचं सगळं वर्गीकरण याच वाटेने गेलं. बाकी फील्ड्स पदक १९७० ला, केंब्रिजला दोन दशकं, नंतर फ्लोरिडा, आणि २००८ चं आबेल पारितोषिक झाक तिट्स यांच्याबरोबर विभागून.

२५५ पानांत चूक राहिली नसेल कशावरून?

शंका रास्त आहे. बेंडर, ग्लाउबरमन, पेटरफाल्वी यांनी सिद्धतेचे भाग सोपे करून पुन्हा लिहिले. त्यावरून जॉर्ज गोंतिए यांच्या चमूने कॉक या संगणक प्रणालीत एकेक पायरी तपासली. २०१२ मध्ये काम संपलं. सहा वर्षं लागली.

फाइट यांचं नाव आधी, म्हणजे मुख्य काम त्यांचं का?

छे! गणितात नावं आडनावांच्या वर्णानुक्रमाने लागतात. व्हिएन्नात जन्मलेले वॉल्टर फाइट कॅरेक्टर थिअरीत (ग्रुपचे गुण संख्यांत उतरवून अभ्यासणाऱ्या शाखेत) मुरलेले होते. थॉम्पसन यांच्या विश्लेषणातून निसटलेल्या, प्रमेय खोटं पाडू शकणाऱ्या शक्यता त्या हत्याराने आणखी छाटल्या गेल्या. तरी एक चिवट प्रकार उरलाच. तो निकालात काढायला शेवटचं प्रकरण लागलं, आणि ते थॉम्पसन यांचं.