निन्टेन्डो स्विचचा चार्जिंग स्टँड थ्री-डी प्रिंट केला, पण प्लग नीट बसत नाही. डिझाइनमध्ये काय बदलू?

तुम्ही लिहिलंय की स्विच ओलेड (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम-कन्सोल) वरून ठेवला की चार्ज व्हायला लागावा असा स्टँड हवाय, पण प्लग दर वेळी चाचपडत लावावा लागतो आणि उचलताना स्टँडही सोबत येतो. दोन्ही गोष्टी डिझाइनमध्येच सुटतात.

चाचपडावं लागतं ते बहुतेक कोनामुळे. पाठ मागे कलती काढतात आणि प्लगचं भोक मात्र टेबलाशी काटकोनात पाडतात, मग पोर्ट एका दिशेला आणि प्लग दुसऱ्या. आधी पाठ आणि बैठक (स्विच जिथे टेकतो ती जागा) एकमेकींना ९० अंशात काढा, प्लगचा अक्ष पाठीला समांतर ठेवा आणि मग हा सगळा जोड एकदमच २० अंश मागे फिरवा. तळ बैठकीच्या मागे निदान ४५ मिमी जाऊ द्या, नाहीतर स्क्रीनला बोट लावलं की स्टँड मागे कलंडेल.

स्विचचं वजन बैठकीवर यायला हवं, प्लगवर कधीच नाही. सारं वजन प्लगवर आलं तर आज ना उद्या पोर्ट ढिलं पडणार, आणि पोर्ट बदलणं म्हणजे बोर्डावरचं सोल्डरिंग. सी-टाइप प्लगचं धातूचं टोक साधारण ८.२५ × २.४ मिमी, लांबी ६.६५ मिमी. बैठकीच्या वर ते ६ मिमीच येऊ द्या, म्हणजे प्लगचा खांदा (जिथे धातू संपून प्लास्टिक सुरू होतं) स्विचच्या अंगापासून सुमारे ०.६५ मिमी खाली राहतो. बैठकीवर फेल्ट (मऊ जाड कापड) चिकटवणार असाल तर त्याची जाडीही यात धरा.

प्लग कप्प्यात घट्ट आवळू नका, त्याला किंचित डुलता आलं पाहिजे. यूएसबीच्या मापांप्रमाणे प्लगचं प्लास्टिक जास्तीत जास्त १२.३५ × ६.५ मिमी असतं, पण बाजारातल्या केबली हे पाळतातच असं नाही. आपलीच केबल व्हर्निअरने मोजा आणि चारी बाजूंनी ०.५ मिमी जागा सोडा. हा कप्पा वेगळा छोटा तुकडा म्हणून काढून दोन एम-३ (३ मिमी व्यासाच्या) स्क्रूंनी बसवा. केबल बदलली तर तेवढाच पुन्हा प्रिंट होतो. प्लग वर ओढला जाऊ नये म्हणून त्याच्या खांद्यावर पातळ पट्टी हवी. केबल एल आकाराची (प्लग काटकोनात वळलेली) घ्या, म्हणजे तळाची उंची वाचते. केबल लांबवणारी जोडकेबल (एक्स्टेन्शन) नको, सी-टाइपच्या नियमांत ती बसत नाही. चार्जर १५ व्होल्ट देणारा पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) असावा.

प्लग पोर्टमधून सुटायला ८ ते २० न्यूटन जोर लागतो, म्हणजे जवळपास ८०० ग्रॅम ते २ किलो. दीडशे ग्रॅमचा प्लास्टिकचा स्टँड उचलला जाणारच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भंगारातली १०० × ८० × १० मिमीची लोखंडी पट्टी कापून मिळेल, वजन सुमारे ६३० ग्रॅम. तळात तिच्यासाठी खोबण ठेवा. तरीही प्लग घट्ट असेल तर उचलताना एक हात स्टँडवर ठेवावाच लागेल.

जॉय-कॉनसकट (दोन्ही बाजूंचे कंट्रोलर) स्विच १३.९ मिमी जाड आहे. स्विच बसायची खोबण १४.५ मिमी पुरते, आतून १ मिमी फेल्ट दोन्हीकडे लावलं तर १६.५. पुढची कड ८ मिमीपेक्षा उंच नको. पाठ सलग भिंत न करता दोन उभ्या पट्ट्या काढा, कारण मागच्या जाळ्यांतून हवा आत जाते आणि वरच्या फटीतून गरम होऊन बाहेर पडते.

प्रिंट आडवा, कुशीवर झोपवून करा. उभा केला तर थर नेमके पुढच्या कडेच्या मुळाशी सुटतात. ०.२ मिमी थर, ४ भिंती, २० टक्के इन्फिल (आतली भरण). पीएलए (प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं. स्टँड गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत राहणार असेल तर पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक घ्या. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या दमट हवेत पीईटीजी पाणी धरतं, नोझलमधून तडतड आवाज येतो आणि प्रिंटवर प्लास्टिकच्या तारा सुटतात. ६५ अंशांवर ५-६ तास वाळवूनच लावा. पहिला थर दबून पसरतो आणि भोक आवळतं, म्हणून खालच्या कडांना ०.४ मिमी चॅम्फर (तिरपी छाट) द्या.

पूर्ण स्टँड छापण्याआधी बैठकीचा ४० × २५ मिमीचा तुकडा तेवढा छापून त्यात केबल बसवून बघा. बाहेर प्रिंट करून घेणार असाल तर एसटीएल (प्रिंटची नेहमीची फाइल) सोबत स्टेप (डिझाइन बदलता येणारी) फाइलही द्या, म्हणजे त्यांच्या मशीनला ०.२ मिमी वाढवायचं असेल तर कप्पा त्यांनाच बदलता येईल.

स्टीम डेकला (व्हॉल्व्हचा हातातला गेम-कन्सोल) हे डिझाइन चालणार नाही. त्याचं पोर्ट वरच्या कडेला आहे, तिथे नुसता पाळणा आणि मागून वर येणारी केबल पुरते.