‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ या नावातल्या ‘ग्रॅव्हिस’चा नेमका अर्थ काय?

तुमचा प्रश्न असा आहे: आईला ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ (स्नायू अशक्त होण्याचा आजार) असं निदान झालं, तिने रिपोर्टवरचा शब्द मोबाईलवर शोधायला लावला, ‘ग्रॅव्हिस म्हणजे गंभीर’ असं उत्तर आलं आणि तेव्हापासून तिने हाय खाल्ली आहे. हा लॅटिन शब्द खरंच इतका वाईट आहे का, आणि ग्रॅव्हिटीशी त्याचं काही नातं आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी डॉक्टर नाही. वसईचा आहे, तरुणपणी सेमिनरीत तीन वर्षं लॅटिन शिकलो. पुढे धर्मगुरू झालो नाही, पण ती भाषा सुटली नाही. त्यामुळे शब्दापुरतं सांगतो. औषधोपचाराचं तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा.

‘ग्रविस’चा पहिला, रोजच्या वापरातला अर्थ ‘जड’. दगड जड, पाटी जड, भिजलेलं घोंगडं जड, तेच. ‘गंभीर’ हा अर्थ त्यातूनच पुढे निघाला. मराठीतही दुखणं ‘जड जातं’, दिवस ‘जड जातात’, निरोप देताना अंतःकरण ‘जड होतं’. मोबाईलने हे मधलं सगळं गाळून थेट टोकाचा अर्थ दाखवला.

आता नात्याचं. ग्रॅव्हिटीशी संबंध आहेच, पण त्याहून जवळचं नातं तुमच्या-माझ्या तोंडात रोज असतं. आम्हाला लॅटिन शिकवणारे फादर गोव्याचे होते, सत्तरी उलटलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर दोन विशेषणं शेजारी शेजारी लिहिली: ‘लेविस’ म्हणजे हलकं, ‘ग्रविस’ म्हणजे जड. मग आम्हाला विचारलं, शाळेत वृत्तं शिकलात ना, अक्षरावर चंद्रकोर काढायची की आडवी रेघ, ते कशावरून ठरवायचात? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, लघु-गुरूवरून. फादरनी काही न बोलता ‘लेविस’खाली ‘लघु’ लिहिलं, ‘ग्रविस’खाली ‘गुरु’ लिहिलं, खडू ठेवला आणि हात झटकले. वर्गात कुणी बोललं नाही. भुजंगप्रयाताचे गण पाडताना ज्या दोन शब्दांचा नुसता कंटाळा केला होता, त्यांचे सख्खे भाऊ रोममध्ये होते, हे त्या दिवशी कळलं.

हे निव्वळ ध्वनीचं साम्य नाही. संस्कृत ‘गुरु’, लॅटिन ‘ग्रविस’ आणि ग्रीक ‘बरुस’ ही एकाच मूळ शब्दाची तीन रूपं आहेत. संस्कृतात जिथे ‘ग’ येतो तिथे ग्रीकमध्ये ‘ब’ येणं नियमातलं आहे: जाणे या अर्थाचा संस्कृत धातू ‘गम्’, तर ग्रीकमध्ये ‘बाइनो’. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर याच ‘बरुस’वरून आला. आपला ‘भारी’ मात्र या घराण्यातला नाही, तो ‘भृ’ म्हणजे वाहून नेणे या धातूचा. ‘जड’सुद्धा वेगळा. ‘गुरु’ तेवढा नात्यातला.

आता ग्रॅव्हिटी. ‘ग्रविस’चं भाववाचक नाम ‘ग्रविटास’, म्हणजे जडपणा. न्यूटनचा १६८७ सालचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ लॅटिनमध्येच आहे आणि त्यात हाच शब्द आहे. आपण त्याला ‘गुरुत्व’ म्हणतो, म्हणजे नकळत त्याच मुळाचा शब्द वापरतो. आणि गुरुत्व हा शब्द काही न्यूटनसाठी नव्याने घडवलेला नाही. आपल्या वैशेषिक दर्शनात तो फार आधीपासून आहे: पृथ्वी आणि पाणी यांचा एक गुण, वस्तू खाली पडण्याचं कारण.

वापराचा विस्तार मोठा आहे. पोटुशी बाई लॅटिनमध्ये ‘ग्राविडा’, म्हणजे भारावलेली. संस्कृतात तिला ‘गुर्विणी’ म्हणतात, तोच धातू, तीच कल्पना. प्रसूतिगृहातला केसपेपर कधी पाहिला असेल तर त्यावर ‘जी २, पी १’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ‘जी’ म्हणजे ‘ग्रॅव्हिडा’: ही दुसरी खेप. म्हणजे ज्या शब्दाने आई घाबरली त्याच्या बहिणीवरून तिच्या स्वतःच्या बाळंतपणांची मोजदाद झालेली असणार. हे तिला जरूर सांगा.

आवाज ‘ग्रविस’ असतो म्हणजे खालच्या पट्टीतला, खर्जातला. हवा ‘ग्रविस’ असते म्हणजे कोंदट, आजार पसरवणारी. अन्न ‘ग्रविस’ असतं, अगदी आपल्यासारखं पचायला जड. रोमन वक्ता किकेरो (सिसेरो) याच्या एका ग्रंथात असं वाक्य आहे की कोणतंही अन्न इतकं जड नसतं की ते एका दिवस-रात्रीत पचत नाही. वास मात्र ‘ग्रविस’ असला की आपल्याकडे त्याला जड म्हणून चालत नाही, तिथे ‘उग्र’ म्हणावं लागतं. रोमन कवी व्हर्जिलने पाताळाच्या तोंडाशी असलेल्या आव्हेर्नुस सरोवराच्या वासाला हाच शब्द लावला आहे. रोमच्या सर्वांत जुन्या ओतीव काशाच्या नाण्यांना ‘आएस ग्रावे’ म्हणतात, कारण त्यातलं मुख्य नाणं मुळात एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरायचं. चर्चच्या कायद्यात ‘ग्रविस’ कारण म्हणजे सबळ कारण.

या नाण्यांच्या नावात ‘ग्रविस’ नाही, ‘ग्रावे’ आहे, तर त्याबद्दल थोडं. लॅटिनमधली काही विशेषणं आपल्या ‘चांगला, चांगली, चांगलं’सारखी तिन्ही लिंगांत बदलतात: ‘बोनुस, बोना, बोनुम’. ‘ग्रविस’ त्यातलं नाही. ते आपल्या ‘जड’च्या जवळ आहे: जड दगड, जड वाटी, जड ओझं, सगळीकडे ‘जड’च. फरक इतकाच की नपुंसकलिंगात त्याचं ‘ग्रावे’ होतं, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मात्र सारखंच. ‘मायस्थेनिया’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ग्रविस’.

माणसाला ‘ग्रविस’ म्हटलं की अर्थ पार बदलतो, आणि मला या शब्दाचा हाच वापर सगळ्यात प्रिय आहे. ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस. व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्यात अगदी सुरुवातीला एक उपमा येते. गावात दंगल उसळली आहे, दगड आणि पेटते पलिते हवेतून येताहेत, हाताला लागेल ते हत्यार झालं आहे. तेवढ्यात लोकांना एक माणूस दिसतो, आपल्या सदाचरणाने आणि केलेल्या कामाने ‘ग्रविस’ झालेला. लोक गप्प होतात, कान टवकारून उभे राहतात, तो बोलतो आणि त्यांची मनं ताळ्यावर येतात. त्याच्या हातात शस्त्र असल्याचा उल्लेख नाही. नुसतं वजन आहे. रोमन लोकांनी ‘ग्रविटास’ला मोठा सद्गुण मानलं ते यासाठी.

संस्कृत याच वाटेने आणखी एक पाऊल पुढे गेलं. जड, मग वजनदार, मग आदरणीय, आणि शेवटी शिकवणारा. ‘गुरुजी’ म्हणताना आपण मुळात ‘वजनदार’ म्हणत असतो. लॅटिनने शिक्षकासाठी वेगळा शब्द घेतला, ‘मागिस्तेर’, ज्यावरून मास्तर आले. वसईत आम्ही फादरना धर्मगुरू म्हणतो, त्यामुळे ज्या फादरनी फळ्यावर ‘ग्रविस’खाली ‘गुरु’ लिहिलं, ते स्वतःचीच ओळख करून देत होते, हे मला फार नंतर उमगलं. ते तेव्हा हयात नव्हते.

आता तुमच्या आईच्या आजाराच्या नावाकडे येतो. ‘माय’ हा ग्रीक ‘मूस’वरून आला. त्याचा अर्थ उंदीर आणि स्नायू, दोन्ही. दंडाची बेटकुळी कातड्याखाली हलते ती उंदरासारखी दिसते म्हणून. आपला ‘मूषक’ त्याचाच नातेवाईक. पुढे ‘अ’ आणि ‘स्थेनोस’, म्हणजे बळ. हा ‘अ’ आपल्या ‘अशक्त’मधलाच. एकूण ‘मायस्थेनिया’ म्हणजे स्नायूंचा अशक्तपणा.

‘ग्रॅव्हिस’ हे विशेषण १८९५ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिश योली या डॉक्टरांनी जोडलं. त्यांना ‘गंभीर’ हाच अर्थ अभिप्रेत होता, हे मी लपवणार नाही. त्या काळी या आजारावर हातात काहीच नव्हतं. रोगी थकत जायचा, गिळणं आणि श्वास घेणं अवघड व्हायचं आणि बरेच जण दगावायचे. मग १९३४ साली ग्रिनिचच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी फायझोस्टिग्मिनचं इंजेक्शन देऊन पाहिलं आणि रुग्णाची मिटलेली पापणी काही वेळापुरती वर आली. आज दिल्या जाणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या त्याच जातीच्या औषधाच्या. पुढे हेही कळलं की शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, आणि त्यावरही उपचार निघाले. आता नीट उपचार चालू असलेले बहुतेक रुग्ण आपापलं आयुष्य जगत असतात. आजार दुर्लक्ष करण्यासारखा मुळीच नाही, श्वासाचा किंवा गिळण्याचा त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. पण नावातलं ते विशेषण औषध सापडण्याच्या ३९ वर्षं आधीचं आहे. तुमच्या आईला तपासून कुणी ते लिहिलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की सकाळी ती ठीक असते आणि संध्याकाळी पापण्या जड होतात. नेमक्या त्याच जडपणासाठी रोमन लोक हा शब्द वापरायचे. रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेल्या कथेत हर्क्युलिस गुरं घेऊन दूरवरून येतो, टायबर नदीकाठी गवतात आडवा होतो, आणि जेवणाने, दारूने ‘जडावलेल्या’ त्याला झोप लागते. तिथे ‘ग्रविस’पासून बनलेलंच रूप आहे. एवढा बलदंड पुरुष, पण पापण्यांपुढे त्याचंही काही चाललं नाही.

याच विशेषणाचं तुलनेचं रूप ‘ग्रविओर’, म्हणजे अधिक जड. ‘इनीड’मध्ये जहाजं फुटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या माणसांना काव्याचा नायक इनियास म्हणतो: अरे, याहून जड सोसलंय तुम्ही, देव यालाही शेवट देईल. तुमच्या आईचं वय आणि तिने काय काय काढलंय हे मला ठाऊक नाही, पण हे वाक्य तिला वाचून दाखवा असं मनापासून वाटतं.

उच्चाराचं राहिलं. डॉक्टर इंग्रजीच्या वळणाने ‘ग्रॅव्हिस’ म्हणतात. जुन्या रोमनांचा उच्चार ‘ग्रविस’च्या जवळचा होता: ‘ग्र’ आखूड, आणि ‘व’ दात न लावता, साधारण आपण ‘वारा’ म्हणताना काढतो तसा. चर्चमध्ये आम्ही ‘ग्राविस’ म्हणायला शिकलो. आईला म्हणायला सोपा पडेल तो ‘ग्रविस’.