बेळगावातून कुंदा ही मिठाई ऑनलाइन विकायचीय. छोटं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आधी घेऊ की ट्रेडमार्क?

आधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर नाव शोधा, ते फुकट आहे. मोकळं दिसलं की त्याच दिवशी डोमेन घ्या. छोटी डॉट कॉम नावं बहुतेक गेलेलीच असतात. दलालाला लाखभर मोजण्यापेक्षा डॉट इन घ्या, खरंच. पण डोमेन मिळालं म्हणजे नावावर हक्क आला, असं नाही. त्यासाठी ट्रेडमार्क लागतो. ऑनलाइन विक्रीसाठी वर्ग ३५, म्हणजे विक्रीसारख्या सेवांच्या गटात, ट्रेडमार्कचा अर्ज करा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची. आपल्याकडे सगळे मुंबईकडे बघतात, पण कर्नाटकातला अर्ज चेन्नईच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे जातो. आणि नुसतं 'बेळगाव कुंदा' नाव घेऊ नका. गाव आणि माल सांगणाऱ्या नावाला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप येतो. स्वतःचा नवा शब्द घडवा, डोमेनही सहज मिळेल.