खाजणातली वाट आणि भरतीची वेळ : सायकलस्वारांच्या प्रश्नांना उत्तरे

समुद्रकाठच्या पाणथळ प्रदेशातून आणि किनाऱ्यावरच्या लहान गावांतून सायकलने फिरण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : खाड्या, खाजणे आणि किनाऱ्यावरची गावे यांतून चार-पाच दिवसांची सायकलसफर आखत आहे. नकाशात किनाऱ्यालगत जाणारा रस्ता सोयीचा दिसतो, पण चौकशी केली की तोच वर्दळीचा निघतो. वाहने कमी असलेले रस्ते घरबसल्या ओळखता येतात का?

उत्तर : बऱ्याच अंशी येतात. त्यासाठी नकाशातल्या प्रत्येक रस्त्याकडे पाहताना हा रस्ता कोणाच्या उपयोगाचा आहे, एवढे स्वतःला विचारावे. दोन मोठ्या गावांना जोडणारा, नदीवरच्या एकमेव पुलाकडे जाणारा किंवा नावाजलेल्या पुळणीपाशी संपणारा रस्ता कितीही अरुंद असला तरी शांत नसतो. याउलट शेजारून नवा महामार्ग झाल्यामुळे मागे पडलेला जुना रस्ता, बांधाच्या देखभालीसाठी ठेवलेली वाट, किंवा माणसे आणि सायकली पलीकडे नेणारी होडी असली तरी मोटार पुढे जाऊ शकत नाही अशा धक्क्यापाशी संपणारा रस्ता, हे बहुधा निवांत असतात. मोटारवाल्याच्या लेखी जो रस्ता कुठेच जात नाही, तो सायकलस्वाराने आधी तपासावा.

पाणथळ प्रदेशातल्या रस्त्यांची एक गंमत अशी की, जमीन तळहातासारखी सपाट असूनही रस्ते सरळ जात नाहीत. समुद्राकडून ही जमीन थोडी थोडी करून मिळवलेली असते, प्रत्येक टप्प्याला बांध घातलेला असतो, पाणी काढून देण्यासाठी चर खणलेले असतात, आणि रस्ते या बांधांच्या व चरांच्या कडेने गेलेले असतात. इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या रोमनी मार्शमध्ये शेताच्या कोपऱ्यावर आले की रस्ता एकदम काटकोनात वळतो आणि पुढच्या चरापाशी पुन्हा दुसरीकडे वळतो. मोटारीला तेथे वेग घेता येत नाही, त्यामुळे घाईची वाहतूक आपोआप दुसरा मार्ग धरते. मात्र अशा रस्त्याला साइडपट्टी नसते आणि कडेला थेट पाण्याचा चर असतो, म्हणून समोरून ट्रॅक्टर आला तर वेळेवर थांबून जागा द्यावी. याच भागातले न्यू रोमनी हे एके काळचे बंदर आहे. १२८७ सालच्या वादळानंतर रॉदर नदीचे मुख तेथून राय गावाकडे सरकले आणि न्यू रोमनीचा समुद्र दूर गेला. बंदर हरवलेली अशी गावे मुक्कामाला मला नेहमीच पसंत पडतात, कारण राहण्याची सोय असूनही पुळणीवरची गर्दी तेथवर क्वचितच पोहोचते.

अंतर मोजताना खाडीचा वळसा विसरू नये. नकाशात समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमध्ये पूल नसेल तर अर्धा दिवस जाईल एवढा फेरा पडू शकतो आणि होडी चुकली तर तो टळत नाही. होड्यांची वेळापत्रके हंगामानुसार बदलतात आणि काही होड्या आडहंगामात बंदच असतात. रस्त्याचा पृष्ठभाग उपग्रहचित्रात पाहून घ्यावा. डांबर करडे दिसते, खडी-वाळूची वाट फिकट दिसते. फ्रान्समधील कामार्ग प्रदेशात सॅंत-मारी-द-ला-मेर या गावाच्या पूर्वेला समुद्रबांधावरून जाणारी प्रसिद्ध वाट आहे. एका अंगाला खारी तळी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मोटारींना बंदी. शांततेच्या दृष्टीने याहून चांगली वाट मिळणे अवघड, पण ती कच्ची असून मध्ये मध्ये वाळू साचलेली असते. अरुंद टायरची रेसिंग सायकल तेथे ढकलत न्यावी लागते.

प्रश्न : काही बेटांना जाणारा रस्ता केवळ ओहोटीच्या वेळी उघडा पडतो असे वाचले. अशा रस्त्याने सायकलवरून जाणे सुरक्षित आहे का? सगळे सपाट असल्यामुळे पाणी येताना दुरूनच दिसेल ना?

उत्तर : जाहीर केलेली वेळ पाळली तर सुरक्षित आहे. पाणी दिसेलच या भरवशावर मात्र मुळीच जाऊ नये. सपाट चिखलपट्ट्यावर भरतीची लाट समोरून चालून येत नाही. पाणी आधी आडव्या चरांतून आणि ओघळींतून शिरते, त्यामुळे रस्ता पुढे कोरडा दिसत असतानाच मागचा सखल भाग बुडालेला असतो.

भरती चढण्याचा वेगही सारखा नसतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सुमारे सहा तास धरले, तर दर्यावर्दी लोकांच्या ठोकताळ्याप्रमाणे एकूण चढणाऱ्या पाण्याचा बारावा हिस्सा पहिल्या तासात येतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात विशेष काही घडत नाही असे पाहून जो निर्धास्त होतो, त्याला पुढच्या दोन तासांत पाणी गाठते. समुद्रावरून जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब बराच उतरला असेल तर पाणी कोष्टकातल्या वेळेआधी आणि अंदाजापेक्षा उंच येते. कोष्टक हा अंदाज असतो, ही गोष्ट वादळी दिवशी विशेष ध्यानात ठेवावी.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील नुआरमुतिए बेटाकडे जाणारा पासाज द्यु ग्वा हा चार किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. ओहोटीच्या तळवेळेआधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढ्याच अवधीत तो ओलांडावा अशी तेथील सूचना आहे. पाण्यात अडकलेल्यांना चढून बसता यावे म्हणून वाटेत उंच खांबही उभारलेले आहेत. बेटावर जाण्यासाठी १९७१ पासून पूल असल्यामुळे या रस्त्याने जाण्याची सक्ती कोणालाच नाही. सायकलस्वाराने येथे वेळेइतकीच काळजी निसरड्याची घ्यावी. पाणी ओसरल्यावर फरसबंदीवर शेवाळ आणि चिखलाचा पातळ थर राहतो, त्यावर ब्रेक दाबला किंवा हँडल वळवले की चाक सरकते. १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये याच रस्त्यावर सायकलस्वारांचा मोठा घोळका कोसळला आणि काही प्रमुख स्पर्धक त्या दिवशी सहा मिनिटांहून अधिक मागे पडले. कसलेल्या स्पर्धकांची ही गत होत असेल तर सामान लादलेल्या सायकलने तेथे सावकाश आणि सरळच जावे.

प्रत्येक धोक्याच्या रस्त्यावर असे खांब नसतात. इंग्लंडमधील मर्सी बेटाचा स्ट्रूड नावाचा रस्ता एरवी अगदी साधा, रोजच्या वाहतुकीचा डांबरी रस्ता आहे. उधाणाच्या मोठ्या भरतीला मात्र तो बुडतो. अशा ठिकाणी तिथीकडे लक्ष ठेवावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगेची भरती असते आणि पाण्याची चढउतार कमी होते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते हे बहुतेकांना ठाऊक असते. तथापि एका ठिकाणी उधाणाची मोठी भरती दर वेळी घड्याळात जवळजवळ त्याच वेळी येते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. एकदा ती वेळ कळली की सफरीचा आठवडा आणि दिवसातली निघण्याची वेळ दोन्ही त्यावरून ठरवता येतात.

प्रश्न : किनारा सपाट म्हणून सोपा वाटला होता, पण गेल्या सफरीत वाऱ्याने अगदी दमवले. कोणत्या दिशेने जावे याचा काही नियम आहे का?

उत्तर : चढ नसलेल्या प्रदेशात चढाचे काम वारा करतो, आणि चढाला जसा माथा असतो तसा वाऱ्याला नसतो. वारा पडलेला असताना ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला जेवढा हवेचा रोध जाणवतो, त्याच्या चौपट रोध समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असताना तोच वेग ठेवल्यास सोसावा लागतो. जाताना समोरून वारा आणि येताना पाठीमागून, म्हणजे हिशेब सारखा, ही समजूत चुकीची आहे. समोरच्या वाऱ्यात वेग कमी असल्यामुळे त्या त्रासात वेळही जास्त जातो आणि परतीचा फायदा लवकर संपून जातो. म्हणून एकाच वाटेने जाऊन यायचे असेल तर पहिला टप्पा वाऱ्याच्या तोंडावर ठेवावा. लांबच्या एकतर्फी सफरीत त्या ऋतूतला प्रमुख वारा पाठीशी राहील असे टोक निवडावे.

उबदार, निरभ्र दिवसांत किनाऱ्याचा स्वतःचा वारा असतो. जमीन तापली की दुपार होता होता समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, तिसऱ्या प्रहरी ते सर्वांत जोरदार असतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतात. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे त्या मानाने मंद असतात. त्यामुळे पहाटेपासून साडेनऊ-दहापर्यंतचे तास सायकलसाठी सर्वांत मोलाचे. आणखी एक बारकावा सांगतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात हे खारे वारे दुपारनंतर हळूहळू उजवीकडे वळतात. त्यामुळे समुद्र उजव्या हाताला ठेवून जाणाऱ्याला ते पाठीमागून मिळू लागतात आणि समुद्र डाव्या हाताला असलेल्याला समोरून. दक्षिण गोलार्धात याच्या नेमके उलट होते. वादळी किंवा ढगाळ दिवसांत मोठ्या प्रदेशावरचा वारा वरचढ ठरतो आणि हा नियम लागू पडत नाही.

नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या वाडन समुद्राच्या काठी अनेक ठिकाणी बांधाच्या दोन्ही अंगांना वाट असते. समुद्राच्या अंगाने गेले तर दृश्य मिळते पण आडोसा नाही, जमिनीच्या अंगाने गेले तर वारा लागत नाही पण समोर गवताची भिंत. वारा समुद्रावरून जोराचा असेल त्या दिवशी आतली वाट धरावी आणि अधूनमधून बांधावर चढून समुद्र पाहावा, हा माझा सल्ला. गवत घट्ट राहावे म्हणून या बांधांवर मेंढ्या चारतात, त्यामुळे वाटेत फाटके लागतात. ती उघडल्यावर पुन्हा लावून घ्यावीत. आडव्या वाऱ्यात खरी कसोटी असते ती घर किंवा झाडांची रांग संपते तेथे, कारण आडोसा एकदम सुटतो आणि सायकल रस्त्याच्या मधोमध फेकली जाते. उंच कड्यांची चाके अशा प्रदेशात न नेलेलीच बरी.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या गावांतून जाणे टाळता येत नाही. तेथल्या गर्दीचे काय करावे?

उत्तर : टाळू नयेच, कारण खाजणात सावली नाही, सगळीकडे पाणी असले तरी ते खारे, आणि पिण्याचे पाणी, जेवण, दुरुस्ती या गोष्टी गावातच मिळतात. गावातून सकाळी लवकर निघावे आणि दुपारी पोहोचायचे असेल तर ते सुट्टीच्या दिवशी येणार नाही असे पाहावे. समुद्राकाठचा पादचारी पथ मोकळा दिसला तरी पाटी वाचल्याशिवाय त्यावर सायकल चालवू नये, कारण अनेक ठिकाणी तेथे सायकलला बंदी असते किंवा ती ठराविक तासांपुरती असते. बहुतेक वेळा समुद्राला समांतर जाणारी दुसरी किंवा तिसरी गल्ली सर्वांत निवांत असते.

प्रश्न : पाणपक्षी पाहण्याची आवड आहे. सायकलमुळे ते बिचकतात का, आणि कोणती वेळ चांगली?

उत्तर : एका संथ गतीने जाणाऱ्या सायकलकडे पक्षी बऱ्याचदा दुर्लक्ष करतात. ती थांबली आणि तिच्यावरून माणूस उतरला की मात्र थवा उठतो. म्हणून थांबायचे असेल तर अगोदरच, दुरून, शक्यतो बांधाच्या आड थांबावे. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवरच्या चिखलपट्ट्यांवर पांगलेले असतात. भरतीच्या आधीच्या दोन तासांत पाणी त्यांना काठाकडे लोटत आणते आणि ते बांधाजवळच्या उंचवट्यांवर एकत्र बसतात. पाहण्याची वेळ हीच, आणि त्यांना न छेडण्याचीही हीच, कारण चरणे बंद असलेल्या या विश्रांतीत वारंवार उडावे लागले तर स्थलांतरासाठी साठवलेली त्यांची चरबी वाया जाते. विणीच्या हंगामात काही वाटा बंद ठेवतात. त्या काळाची चौकशी आखणी करतानाच करावी.

प्रश्न : खाऱ्या हवेत सायकल गंजते. रोज काय करावे? आणि अशा रस्त्यांवर पंक्चर इतकी का होतात?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आकाशात असते. समुद्रपक्षी शिंपले चोचीत धरून उंच नेतात आणि कठीण रस्त्यावर टाकून फोडतात, त्यामुळे बांधावरच्या डांबरी वाटेवर धारदार कवचांचा सडा पडलेला दिसतो. जरा रुंद, म्हणजे २८ ते ३५ मिलिमीटरचे आणि आत संरक्षक पट्टी असलेले टायर घ्यावेत. मुक्कामी पोहोचल्यावर टायरवरून चिंधी फिरवून रुतलेली टोके काढावीत, कारण असा तुकडा ताबडतोब भोक पाडत नाही, तो दुसऱ्या दिवशी हळूहळू आत शिरतो.

गंजाविषयी सांगायचे तर सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. पाण्याचा जोराचा फवारा मात्र चाकांच्या आणि पेडलच्या बेअरिंगवर मारू नये, त्याने मीठ आत ढकलले जाते. चेन पूर्ण पुसून, कोरडी करून मगच तेल द्यावे. ओल्या चेनवर ओतलेले तेल खारे पाणी आतच कोंडून ठेवते. पोलादी चौकटीत ॲल्युमिनियमची सीटदांडी असेल तर सफरीला निघण्यापूर्वी ती काढून ग्रीस लावून पुन्हा बसवावी, कारण खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून बसतात आणि नंतर ती दांडी कापून काढण्याची वेळ येते. खाऱ्या पाण्यातून प्रत्यक्ष सायकल गेली असेल तर धुण्याचे काम सकाळवर ढकलू नये. चेनच्या कड्यांवर एका रात्रीत तांबूस थर धरतो.