इको नॉर्मल, पण एनटी-प्रोबीएनपी वाढलेला. नक्की कशावर विश्वास ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की वडील 68 वर्षांचे, बीपी जुनं, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे पंपिंगचा आकडा, 60 टक्के, तरी रक्तातला एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा घटक) 480 आला. मग चुकीचा रिपोर्ट कोणता?

बहुधा दोन्ही बरोबर आहेत. मी रोज इको करतो आणि हा गोंधळ वारंवार बघतो. खाली 'ईएफ नॉर्मल' लिहिलेलं दिसलं की नातेवाईकांचा जीव भांड्यात पडतो. वर हृदयाच्या भिंतीची जाडी 14 मिमी लिहिलेली असते, ती कोणी वाचत नाही. साधारण 10 मिमीपर्यंत ठीक.

ईएफ म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, एवढंच. बीपीच्या हृदयाचं दुखणं बहुतेकदा आधी भरण्यात सुरू होतं. वर्षानुवर्षं जोर लावून भिंत जाड आणि ताठ होते, नीट सैलावत नाही, आतला दाब वाढतो. त्या ताणाने स्नायूच्या पेशी जे सोडतात, तेच तुम्ही रक्तात मोजलंत. म्हणून रिपोर्टमध्ये तीन आकडे शोधा: एलव्ही मास इंडेक्स, म्हणजे शरीराच्या मानाने डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वजन (पुरुषांत 115 च्या वर म्हणजे जास्त), डाव्या वरच्या कप्प्याचा व्हॉल्यूम इंडेक्स (34 च्या वर), आणि ई बाय ई-प्राइम, म्हणजे आतल्या दाबाचा अंदाज (14 च्या वर). हे वाढलेले असतील तर 480 चा अर्थ लागतो.

नसतील तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि ईसीजी बघा. दम लागणाऱ्या पेशंटमध्ये 125 च्या पुढे आम्ही लक्ष देतो खरं, पण वय, किडनीचा त्रास आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) यांनीही आकडा चढतो. लठ्ठपणात उलट तो कमी दिसतो, म्हणून जाड माणसाचा 'नॉर्मल' आकडा मला कधीच पुरेसा वाटत नाही.

दोन्ही एकत्र का वाचायचं, ते डॅलस हार्ट स्टडी या अमेरिकेतल्या अभ्यासाच्या 2013 च्या निष्कर्षांत स्पष्ट दिसतं. ज्यांच्यात जाड भिंतीच्या जोडीला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) किंवा एनटी-प्रोबीएनपी वाढलेला होता, त्यांच्यात हार्ट फेल्युअर आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका नुसती भिंत जाड असलेल्यांपेक्षा बराच जास्त निघाला. तरीही शंका उरली तर एमआरआय. स्नायूत तंतू साठलेत का, हे त्यात कळतं.

दोन्ही कागद एकाच डॉक्टरांसमोर ठेवा, सोबत आठवडाभराची घरची बीपीची नोंद न्या. आणि वडिलांना आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आजच न्या.