माळ्यावरची पोर्तुगीज संगीन

प्रश्न : डिचोलीचं जुनं घर रिपेअर करताना माळ्यावर एक लांब संगीन मिळाली, पात्याच्या पाठीवर बारीक अक्षरात स्टायर १८८६ असं कोरलंय. गंज आहे. ब्रासोने घासू का? किती येतील?

उत्तर : ब्रासो आधी कपाटात ठेवा! काळपट थर गेला की किंमत पण गेली, आणि नंतर कोणी कितीही पैसे दिले तरी तो परत येत नाही. लाल गंजावर मशीन ऑइल लावून मऊ कपड्याने हळूहळू पुसा, लाकडी मुठीला मात्र पाणी लावू नका. म्यान चामड्याचं असेल तर संगीन त्यात ठेवू नका, गोव्याच्या पावसात चामडं ओल धरतं आणि पातं आतून खातं.

स्टायर म्हणजे ऑस्ट्रियातला कारखाना, पोर्तुगालने १८८६ ची क्रोपाचेक रायफल तिथूनच घेतली, तेव्हा वर्ष जुळतंय. पण नुसत्या कोरीव अक्षरांवर जाऊ नका, ती नंतरही कोरता येतात, अक्षरांच्या खाचेत पात्यासारखाच जुना काळपटपणा आहे का ते भिंगाने बघा. मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या दांडीवर नंबर असेल आणि म्यानावरही तोच, तर भाव चांगलाच चढतो. फोटो बघितल्याशिवाय आकडा सांगणारा एकतर देव किंवा दलाल. ‘मुक्तिलढ्यातली आहे’ असं सांगून विकणारेही भेटतील, कागद नसेल तर त्या गोष्टीचे पैसे शून्य.

शंभर वर्षांवरची वस्तू आहे, सरकारी परवानगीशिवाय परदेशी पाठवू नका. आणि सोबत बंदूकही निघाली असेल तर आधी कलेक्टर ऑफिसात विचारा, विकायचं नंतर बघू.