आईच्या पोटावरचे निळे डाग आणि पायातली गुठळी

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आईचं (वय 68) गुडघा बदलायचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले, परवा घरी आणलं. रोज पोटात एक इंजेक्शन द्यायला सांगितलंय, पण पोटावर निळे-काळे डाग उठलेत, ते बघून मावशी म्हणते बंद करा. ती आईला कॉटवरून उठूही देत नाही, रात्री तेल लावून पाय चेपते. इंजेक्शन थांबवलं तर चालेल का? – एक लेक, बार्शी

उत्तर : ताई, हे इंजेक्शन रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतं, ते स्वतःहून थांबवू नका, हे आधी सांगते. मावशींची माया खरी आहे, पण आत्ता आईला पडून राहणंच जास्त धोक्याचं आहे. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या जोरावर, पाऊल टाकलं की पोटरी आवळते आणि शिरेतलं रक्त वर ढकलते. माणूस आडवा पडला की हा पंप थंडावतो, रक्त साचतं, आणि ऑपरेशननंतर जखम भरायची म्हणून शरीर रक्त गोठवायच्या तयारीतच असतं. मग पोटरीत किंवा मांडीत गुठळी धरते, ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेततं.

मी रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलमध्ये शिकाऊ डॉक्टर, असताना एक आजोबा होते, डिस्चार्जचे कागद तयार, मुलगा खाली बिल भरायला गेलेला, आजोबा बाथरूमला जायला उठले आणि दारातच कोसळले. वाचले नाहीत. एक पोटरी दोन दिवस दुखत होती, कोणाला बोलले नव्हते आणि आम्ही कोणी विचारलंही नव्हतं. तेव्हापासून मी राउंडला पांघरूण बाजूला करून दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघते.

डागांचं म्हणाल तर सुईच्या जागी थोडं निळं पडणं नेहमीचं आहे. पोटाची चामडी चिमटीत धरायची, सुई सरळ पूर्ण आत, औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही, बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. नंतर चोळायचं नाही, चोळल्यामुळेच डाग मोठा होतो. तयार भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, तो असू देतात. हिरड्यांतून रक्त, काळी शी, जखमेतून रक्त असं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणू नका, बऱ्याच पेनकिलरनी रक्तस्राव वाढतो. गुडघ्यानंतर हे औषध साधारण 10 ते 14 दिवस चालतं, कधी 35 दिवसांपर्यंतही, म्हणजे तुमचं अजून संपलेलं नाही.

पाय चेपणं आजपासून बंद. गुठळी झालेली असेल तर दाबल्याने सुटू शकते. गुडघ्याखाली उशीही नको, त्याने शीर दबते आणि गुडघा वाकलेलाच राहतो. मावशींना दुसरं काम द्या, आई जागी असताना तासातासाला पावलं वर-खाली दहा-वीस वेळा करून घ्यायची आणि वॉकर धरून घरातल्या घरात चालवायचं. लांब मोजे दिले असतील तर वरची कड गुंडाळली जाऊ देऊ नका, तिथे करकचून दोरी बांधल्यासारखं होतं.

ऑपरेशनच्या पायाला सूज असतेच, पण एकदम वाढली, पोटरी टणक, गरम, दुखरी झाली तर त्याच दिवशी दाखवा, डॉपलर सोनोग्राफीत, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, गुठळी कळते. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर कोणाची वाट न बघता 108.

प्रश्न : बाबांना (वय 74) न्यूमोनियासाठी ॲडमिट केलंय, ऑपरेशन वगैरे काही नाही, तरी गुठळीचं इंजेक्शन चालू केलंय. उगाच बिल वाढवतात का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही हो. वय, न्यूमोनिया आणि दिवसभर पडून राहणं, तिन्हीनं धोका वाढतो. फक्त आधी अल्सर, रक्ताची उलटी किंवा किडनीचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, डोस कमी करतात किंवा औषधाऐवजी पायाला हवेच्या पट्ट्या लावतात, त्या फुगतात-आवळतात आणि पोटरीचं काम करतात. पण बाथरूमला जाताना काढलेली पट्टी परत लावायची राहून जाते. तुम्ही बाजूला बसलेले असाल तर सिस्टरना लगेच हाक मारा.